कै. दुर्गाबाई खोटे : कॅमेऱ्यापुढे आणि कॅमेऱ्यामागे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत संतांची, समाजसुधारकांची व विद्वानांची चरित्रे देण्याची प्रथा आहे आणि ती सर्वथैव योग्य आहे. यंदा मात्र एका नटीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. नटी हा शब्द वाचताच काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळी आठी पडेल, हे मी जाणून आहे. त्या आठीविषयीच येथे दोन शब्द लिहावयाचे आहेत.

कै. श्रीमती दुर्गाबाई खोटे या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत आणि आपल्या मुलखाच्याही नव्हेत. तथापि संसारावर संकट आले असता एका सुशिक्षित स्त्रीने कोणता मार्ग धरला, लोकनिंदा कशी सोसली, आणि ज्या धंद्यात ती गरजेपोटी शिरली त्याच धंद्याची ती पुढे स्वामिनी कशी झाली, हे त्यांच्या जीवनात स्पष्ट दिसते. मुलींना शिकविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ते एकदा वाचावे, असे मला वाटते.

जुना काळ

दुर्गाबाईंचे धैर्य कळावयाचे असेल तर आधीचा काळ ध्यानी घेतला पाहिजे. कै. दादासाहेब फाळके यांनी आपला पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ दि. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आणला. कथा सत्त्वशील राजाची. परंतु तारामती राणीची भूमिका करावयास एकही स्त्री मिळेना. कुलीन घरांतील स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. ज्या स्त्रियांना समाजाने आधीच उंबऱ्याबाहेर ठेविले होते, त्यांनीही नकार दिला. अखेर एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ तारामती झाले. म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टीची पहिली नायिका पुरुष होती.

त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई या मायलेकींनी भूमिका केल्या. हिंदी पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. परंतु त्या मूळच्याच रंगभूमीवरच्या. चरितार्थासाठी दुर्गाबाई कामतांनी नाटक मंडळीचा आश्रय केला होता आणि त्याबद्दल समाजाचा रोषही पत्करला होता.

येथे फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचाही उल्लेख केला पाहिजे. त्या पडद्यावर आल्या नाहीत, परंतु पडद्यामागे त्यांनी केलेले श्रम थोडे नव्हते. फिल्मच्या कडेस छिद्रे पाडणे, औषधांत फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी ऊन परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि हे सर्व करून कंपनीतील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकणे, ही त्यांची दिनचर्या होती. कॅमेऱ्याच्या मागे स्त्री पहिल्यापासून होती; फक्त तिचे नाव कोणी घेतले नाही. पुढे दुर्गाबाई खोटे यांनी पडद्यामागील आपल्या कामाला स्वतःचे नाव दिले, तेव्हा ती उणीव काही अंशी भरून निघाली.

बालपण व विवाह

दुर्गाबाईंचा जन्म दि. १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे घराणे लाड. हे कुटुंब मूळचे गोमंतकीय. घरात कोंकणी बोलली जाई. जन्मनाव विठा. मुंबईत कांदेवाडीतील मोठ्या एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. घरात विद्येची चाड होती. कॅथीड्रल हायस्कूलसारख्या इंग्रजी शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्या पिढीतील मुलीच्या मानाने हे शिक्षण असाधारणच म्हटले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांना त्या वेळी पाटी-पेन्सिलही दिसली नव्हती, एवढे आठवले म्हणजे पुरे.

त्यांचा विवाह लहान वयातच झाला. सासरचे खोटे घराणे मुंबईतील सुखवस्तू आणि प्रतिष्ठित. पती अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले. दोन पुत्र झाले. सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच प्रपंचाची आर्थिक घडी विस्कटली. श्रीमंती गेली, आणि पुढे पतीचेही अकाली निधन झाले. दोन लहान मुलांचे पोट व शिक्षण यांचा भार दुर्गाबाईंच्या शिरावर आला.

अशा प्रसंगी त्या काळच्या स्त्रीपुढे मार्ग तो कोणता? माहेरी परत जाणे किंवा सासरी आश्रित होऊन राहणे. दुर्गाबाईंना दोन्ही नको होते. हाती विद्या होती, म्हणून त्यांनी आरंभी शिकवण्या धरल्या. शिकवणीच्या तुटपुंज्या पैशांत मुंबईसारख्या शहरी संसार कसा चालतो, हे शिक्षकी पेशातील माणसांस सांगावयास नको.

पहिले पाऊल व लोकापवाद

याच सुमारास चित्रपटसृष्टीत मोठी उलथापालथ झाली. दि. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस संपत आले. मूकपटात केवळ रूप पुरे होते. बोलपटास वाणी हवी, भाषा हवी, गळा हवा. चांगल्या घरच्या, शिकलेल्या, स्वच्छ बोलणाऱ्या स्त्रीची गरज निर्मात्यांना प्रथमच भासू लागली.

मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या १९३१ सालच्या चित्रपटात एका छोट्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंना विचारणा झाली. पैशाची निकड होती. त्यांनी होकार दिला. चित्रपट पूर्ण झाल्यावर पाहतात तो तो अगदीच सुमार दर्जाचा. त्यांचे काम थोड्याच मिनिटांचे, परंतु अपकीर्ती पूर्ण चित्रपटाची वाट्यास आली. लाडांची लेक आणि खोट्यांची सून सिनेमात गेली, याची चर्चा घरोघर झाली. दोन्ही कुळांची मान खाली गेली असे आप्तेष्टांस वाटले. दुर्गाबाईंनाही हा मार्ग येथेच संपला असे वाटले असल्यास नवल नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. घरात मीठ-मिरची नाही, मुलांची फी थकली आहे, हे पाहावयास कोणी आले नाही. चित्रपट पाहावयास मात्र सर्व आले. समाज पुष्कळदा असाच वागतो. अडचणीच्या वेळी तो दूर उभा असतो आणि माणूस अडचणीतून वाट काढू लागला की तो जवळ येऊन वाटेचे दोष दाखवितो. हे दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. आपल्या ज्ञातीलाही ते लागू आहे.

तारामती

त्या सुमार चित्रपटातही एका जाणकाराच्या दृष्टीने हिरा हेरला. हे जाणकार म्हणजे श्री. व्ही. शांताराम. त्यांनी दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. ही मंडळी कै. बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेली; आणि बाबूराव पेंटर म्हणजे स्वदेशी कॅमेरा घडविणारे कलामहर्षी. प्रभातचा पहिला बोलपट निघावयाचा होता आणि विषय तोच, राजा हरिश्चंद्राचा. तारामतीसाठी दुर्गाबाईंची निवड झाली.

एकदा पोळल्यावर पुन्हा होकार देणे सोपे नव्हते. परंतु विषय पौराणिक, कंपनी नेकीची आणि माणसे सालस. दुर्गाबाई कोल्हापुरास गेल्या. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत व हिंदीत अशा दोन भाषांत घेण्यात आला. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा वठवावयाचा, आधी एका भाषेत व मग दुसऱ्या भाषेत. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नटीने स्वतः गावयाचे, चित्रण चालू असतानाच गावयाचे, आणि वादकांनी कॅमेऱ्यास दिसणार नाही असे आडोशास बसून साथ करावयाची. एक सूर चुकला, एखाद्याला खोकला आला, तरी सगळे पहिल्यापासून. हरिश्चंद्राची भूमिका व संगीत या दोन्ही बाजू थोर संगीतकार गोविंदराव टेंबे यांनी सांभाळल्या. छायालेखन धायबर यांचे व ध्वनिमुद्रण दामले यांचे होते.

१९३२ साली हा बोलपट झळकला. मराठीतील हा पहिला बोलपट होय. दुर्गाबाईंची तारामती पाहून प्रेक्षकांनी डोळे पुसले. कालपर्यंत ज्यांनी नाके मुरडली, त्यांच्याच घरच्या स्त्रिया थिएटरात रांगा लावू लागल्या. १९१३ साली तारामतीस स्त्री मिळाली नव्हती. एकोणीस वर्षांनी ती मिळाली, आणि तीही शिकलेली, प्रतिष्ठित घराण्यातील सून. या दोन तारामतींच्या मधील अंतर म्हणजे आपल्या समाजाच्या एका पिढीची वाटचाल होय. ही कथा वैभवातून दास्यात आलेल्या राणीची आहे. परक्याच्या घरी पाणी भरणारी तारामती सत्त्व सोडीत नाही. दुर्गाबाईंच्या आयुष्याचा प्रसंगही काहीसा तसाच होता, म्हणून कदाचित ती भूमिका त्यांच्या मुखी इतकी खरी वाटली असावी.

दुर्गाबाईंच्या पाठोपाठ लीला चिटणीस, शोभना समर्थ, वनमाला यांसारख्या सुविद्य स्त्रिया या क्षेत्रात आल्या. वाट एकीने मळवावी लागते. मग इतरांस ती सोपी होते.

स्वतंत्र वृत्ती

‘माया मच्छिंद्र’ या १९३२ सालच्याच प्रभातपटात दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. त्यात राणीच्या पायाशी खराखुरा चित्ता बसलेला असे. तारामतीची आसवे ढाळणारी हीच का ती, असा प्रश्न प्रेक्षकांस पडावा, असा दोन्ही भूमिकांतील फरक.

त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. एका कंपनीत बांधले गेले की दुसरीकडे काम करावयाचे नाही. दुर्गाबाईंनी हे बंधन फार काळ मानिले नाही. चित्रपट पाहून करार करावयाचा आणि कामाचा मोबदला स्वतः ठरवावयाचा, ही पद्धत अनुसरणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. मुले मुंबईत, काम कधी कोल्हापुरास तर कधी कलकत्त्यास. अशा स्थितीत स्वतःचा हिशेब स्वतःच्या हाती ठेवणे त्यांना आवश्यकही होते. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ १९३३ साली आला. देवकी बोस यांनी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘सीता’ या १९३४ सालच्या चित्रपटात श्रीराम झाले पृथ्वीराज कपूर आणि सीता झाल्या दुर्गाबाई. इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला. सीतेच्या वेषातील एक मराठी स्त्री युरोपच्या प्रेक्षकांनी पाहिली.

१९३६ सालचा ‘अमरज्योती’ हा प्रभातचा चित्रपट विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील सौदामिनी आपल्या मुलावरील मातेचा हक्क नाकारला गेल्यामुळे बंड करून उठते व समुद्रावर लुटारूंची नायिका होते. स्त्रीला न्याय मिळत नसेल तर तिने काय करावे, हा प्रश्न त्या चित्रपटाने नव्वद वर्षांपूर्वी विचारला होता. दुर्गाबाईंनी त्या भूमिकेत दाखविलेला आवेश जुने प्रेक्षक पुढे कितीतरी वर्षे आठवीत.

त्यानंतर त्यांच्या भूमिकांचे स्वरूप बदलत गेले. वय वाढले की नटीस घरी बसविण्याची चित्रपटसृष्टीची रीत आहे. दुर्गाबाईंनी वयाशी भांडण केले नाही. वयास साजेशा भूमिका घेतल्या आणि त्यांत प्राण ओतला. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या १९४१ सालच्या चित्रपटातील खाष्ट सासू, ‘भरत भेट’मधील कैकेयी, सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’मधील मृणालवती, अशा कणखर स्त्रिया त्यांनी उभ्या केल्या. ‘चरणों की दासी’ व ‘भरत मिलाप’ या हिंदी आवृत्त्यांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांचा गौरव केला. १९६० सालच्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई झाल्या. पतीची आज्ञा की पुत्राचे सुख, या पेचात सापडलेली ती राणी पाहताना अकबराच्या वेषातील पृथ्वीराज आणि जोधाबाईच्या वेषातील दुर्गाबाई हेच एकेकाळी राम-सीता होते, हे नव्या प्रेक्षकांच्या ध्यानीही आले नसेल.

रंगभूमीवरही त्यांनी मनापासून काम केले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांतून त्या उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ नाटकातील राणी या त्यांच्या भूमिका नानासाहेब फाटक यांच्यासारख्या नटश्रेष्ठासमोर गाजल्या. पुढे नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आले. ज्या समाजाने प्रारंभी बोल लाविला, त्याच समाजाने त्यांस व्यासपीठावर मानाने बसविले.

कॅमेऱ्याच्या मागे

आता या चरित्राचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे वळतो.

नटीचे काम कितीही थोर असले तरी ती दुसऱ्याने लिहिलेले बोलते, दुसरा सांगेल तेथे उभी राहते, आणि दुसऱ्याने लाविलेल्या कॅमेऱ्यात दिसते. दुर्गाबाईंना हे फार लवकर उमगले होते. म्हणून १९३० नंतरच्या दशकातच त्या नटराज सिनेटोन या संस्थेच्या उभारणीत सहभागी झाल्या व ‘सवंगडी’, हिंदीत ‘साथी’, या चित्रपटाच्या निर्मितीत उतरल्या. स्त्रीने चित्रपटात काम करणे हेच जेथे नवल, तेथे स्त्रीने भांडवल गुंतवून निर्मिती करणे म्हणजे केवढे धाडस!

स्वातंत्र्यानंतर त्यांनी याहून शहाणपणाचे पाऊल उचलले. मोठ्या चित्रपटांच्या जुगारात न पडता त्यांनी लघुपट, माहितीपट व जाहिरातपट काढण्याचा उद्योग आरंभिला. हीच पुढे नावारूपास आलेली दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था. त्या काळी चित्रपटगृहांत मुख्य खेळाच्या आधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवावा लागे, आणि त्याबरोबर साबण, तेल, चहा इत्यादींच्या जाहिराती असत. फिरत्या तंबूतील टूरिंग टॉकीजमध्ये ज्यांनी सिनेमे पाहिले, त्यांना ते आठवत असेल. हे छोटे चित्रपट कोणी तरी काढीतच असणार, याचा विचार आपण केला नव्हता.

हे काम दिसते तितके सोपे नसते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म एका मिनिटात नव्वद फूट धावते. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीस म्हणजे अवघी पंचेचाळीस फूट फिल्म. तेवढ्यात वस्तू दिसली पाहिजे, तिचा उपयोग कळला पाहिजे आणि नाव ध्यानात राहिले पाहिजे. तीन तासांच्या चित्रपटात एखादा प्रसंग फसला तरी निभावते. येथे एक फूट वाया गेला तरी तो सलतो. प्रत्यक्ष कॅमेरा चालविणारे छायालेखक निराळे असत. परंतु काम मिळविणे, खर्चाचा अंदाज बांधणे, माणसे जमविणे, ठरल्या दिवशी काम हाती देणे आणि ते फसले तर नुकसान सोसणे, ही सारी जोखीम निर्मात्याची. ती जोखीम दुर्गाबाईंनी पत्करली आणि वर्षानुवर्षे निभावली. पडद्यावरील चेहऱ्याचे मोल वयाबरोबर उतरते, परंतु धंद्याचे ज्ञान वयाबरोबर वाढते, हे त्यांनी ओळखले होते.

या संस्थेचे सर्वांच्या ओळखीचे काम म्हणजे १९८८ साली दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका. विख्यात व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील साध्या कारकुनाची ही कथा, दिग्दर्शक कुंदन शाह. ज्यांच्या घरी किंवा शेजारी त्या वेळी दूरदर्शन संच होता, त्यांनी वागळ्यांच्या फजितीवर पोट धरून हसून घेतले असेल. ती मालिका ज्या संस्थेने काढिली, तिच्या नावातील दुर्गा खोटे म्हणजे १९३२ सालची तारामती, हे किती जणांस ठाऊक होते? त्या वेळी दुर्गाबाईंचे वय त्र्याऐंशी वर्षांचे होते.

सन्मान व अखेर

भारत सरकारने १९६८ साली त्यांस पद्मश्री दिली. ‘बिदाई’ या १९७४ सालच्या चित्रपटातील मातेच्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा सर्वोच्च सन्मान तारामतीच्या भूमिकेने नावारूपास आलेल्या स्त्रीस मिळाला. भारतीय चित्रपटास शंभर वर्षे झाली त्या वेळी, म्हणजे २०१३ साली, डाक खात्याने काढलेल्या तिकिटांतही दुर्गाबाईंचे चित्र होते.

त्यांच्या जीवनात सुखाच्या बरोबरीने दुःखही आले. एका पुत्राचा अकाली मृत्यू त्यांना पाहावा लागला. त्या पुत्राच्या पत्नी म्हणजे पुढे मराठी रंगभूमीवर थोर दिग्दर्शिका म्हणून कीर्ती पावलेल्या विजयाबाई मेहता. दुःखाने खचून दुर्गाबाईंनी काम टाकिले नाही. ‘मी दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. स्वतःच्या आयुष्याची बाजू स्वतःच मांडणे, हेही एक प्रकारे कॅमेरा आपल्या हाती घेणेच होय. दि. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपण काय घ्यावे

समाजबंधू व भगिनींनो, आता आपल्या मुलखाकडे वळू. दिवाळीनंतर धान कापणी आटोपते, गावोगाव मंडई भरते, कोठे शंकरपट असतो, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या धानोऱ्यापासून आडमार्गाच्या खेड्यापर्यंत पोहोचतात. आपल्या दंडारीत पूर्वी लुगडे नेसून पुरुषच नाचत असे. आज नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियाच करितात. आपण सहकुटुंब, सतरंजी व शाल घेऊन, पहाटेपर्यंत ते नाटक पाहतो. नायिकेच्या दुःखाने आपल्या माता-भगिनी पदराने डोळे पुसतात. आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याच नायिकेविषयी कसे बोलले जाते, हे मी लिहिण्याची गरज नाही.

रात्री टाळ्या आणि दिवसा निंदा, ही नीती नव्हे. जे काम पाहावयास आपण तिकीट काढून जातो, ते काम करणारी स्त्री हीन कशी? आणि ती हीन असेल तर पाहणारे आपण थोर कसे? दुर्गाबाईंच्या काळी मुंबईसारख्या शहरात जे घडले, ते आपल्याकडे आजही थोड्याफार फरकाने घडत आहे, म्हणून हे लिहावे लागते.

ही गोष्ट केवळ नाटक-सिनेमापुरती नाही. आपल्या मुली आज धानोऱ्याहून गडचिरोलीस, नागपुरास शिकावयास जातात. कोणी परिचारिका होते, कोणी पोलीस शिपाई, कोणी एस. टी.ची वाहक. रात्रपाळी करून उशिरा घरी परतणाऱ्या लेकीबाळी आपल्या ज्ञातीतही आहेत. अकाली वैधव्य आलेल्या, दोन लेकरे घेऊन रोजगार शोधणाऱ्या भगिनीही आहेत. त्यांच्याविषयी कुजबुज करण्यापूर्वी एवढेच विचारावे की, त्यांच्या चुलीत आज लाकूड आहे काय, आणि नसेल तर आपण त्यासाठी काय केले?

दुर्गाबाईंच्या चरित्रातून आईवडिलांनी घेण्यासारख्या दोन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली ही की, मुलीस दिलेले शिक्षण हे लग्न जमविण्याचे साधन नसून संकटकाळीचा आधार आहे. माहेरच्यांनी दुर्गाबाईंस शिकविले नसते, तर त्यांना ना शिकवण्या करिता आल्या असत्या, ना बोलपटात स्थान मिळाले असते. दुसरी गोष्ट अशी की, काम मिळाले म्हणून समाधान मानून थांबू नये. कामाचे मर्म शिकून घ्यावे. दुर्गाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्या गरजेपोटी, परंतु कॅमेऱ्याच्या मागे गेल्या त्या आपल्या बुद्धीने. शिवणकाम करणारी मुलगी दुकानाची मालकीण व्हावी, बचत गटात पापड लाटणाऱ्या भगिनीने जमाखर्च स्वतः लिहावा, परिचारिकेने पुढची परीक्षा द्यावी, हाच त्याचा अर्थ.

त्यांच्या जीवनाचा हा वृत्तांत आपल्या घरोघरी वाचला जावा, विशेषतः ज्या घरी मुलगी दहावी-बारावीस आहे त्या घरी आजोबांनी तो मोठ्याने वाचावा, अशी विनंती करून व कै. दुर्गाबाईंच्या स्मृतीस आदरपूर्वक वंदन करून हा लेख पुरा करितो.